पदकाचा पाठ आणि घरची गोष्ट

वारशाने आलेल्या वस्तूंविषयी मराठीत साधारणपणे दोन प्रकारचे लेखन होते. एक स्मरणरंजनाचे. त्यात वस्तू हे केवळ निमित्त असते. अडकित्ता, पानाचा डबा, आजोबांची छडी यांच्या आधाराने लेखक गेलेल्या काळाकडे पाहून सुस्कारा सोडतो. दुसरे संग्राहकांचे. त्यात धातू, वजन, दुर्मीळता आणि बाजारातला भाव एवढेच येते. या दोहोंच्या मधे एक तिसरी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे वस्तूचे वाचन. पोथीच्या दोन प्रतींत एका अक्षराचा फरक आढळला तर त्यावर आपण पानेच्या पाने लिहितो. पण घरातल्या फडताळात पडलेल्या धातूच्या तुकड्यावर चार ओळी कोरलेल्या असतील, तर त्या वाचण्याऐवजी घरातले वडीलधारे जे सांगतात तेच आपण प्रमाण मानतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ही सवय मोडायला हवी, असे माझे मत आहे. एका लोखंडी पदकाच्या आधाराने ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

अहमदनगर जिल्ह्यातील कोल्हार हे आमचे मूळ गाव. (२०२४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे, जुन्या काळाविषयी लिहिताना मी जुनेच नाव वापरले आहे.) नगर–मनमाड रस्त्यावरचे, प्रवरेच्या काठचे हे गाव भगवतीमातेच्या देवळासाठी ओळखले जाते. तिथल्या आमच्या घरात तळहाताच्या खोलगटात मावेल एवढी, साडेपाच सेंटिमीटर व्यासाची, काळपट लोखंडी चकती पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे. घरात तिचे नाव ‘जर्मन बिल्ला’. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीत होते, ही गोष्ट घरात सर्वमान्य आहे. तिला जोडून येणारी दुसरी गोष्ट अशी, की १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या खंदकात त्यांनी एका जर्मन अधिकाऱ्याला लोळवले आणि त्याच्या छातीवरून हा बिल्ला काढून घेतला. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी विळा, कोयता, कुऱ्हाड यांच्या ओळीत हा बिल्लाही मांडला जाई आणि त्याला हळदकुंकू लागे. गेल्या काही वर्षांत गावातल्या मुलांसाठी जुन्या वस्तूंचे एक प्रदर्शन भरवायचे ठरले, तेव्हा बिल्ल्याखाली ठेवायच्या चिठ्ठीचा प्रश्न आला. चिठ्ठीवर काय लिहायचे, हाच या लेखाचा खरा विषय आहे.

आधी चकतीवर प्रत्यक्षात काय आहे ते पाहू. एका बाजूला बुडणारे एक प्रचंड जहाज आहे. त्याच्या डेकवर तोफा आणि विमान दिसते. वर जर्मन शब्द आहेत, ‘काइने बानवारे’, म्हणजे ‘निषिद्ध माल नाही’. खाली चार ओळींत मजकूर आहे: ‘लुसिटेनिया’ ही महाबोट जर्मन पाणबुडीने बुडवली, आणि मग तारीख, ५ मे १९१५. दुसऱ्या बाजूला कुनार्ड कंपनीची तिकीटखिडकी आहे. खिडकीत बसून तिकिटे विकतो आहे तो एक सांगाडा, म्हणजे साक्षात मृत्यू. समोर उतारूंची झुंबड उडाली आहे. एकाच्या हातातील वर्तमानपत्रावर पाणबुडीच्या धोक्याचा मथळा आहे, आणि उंच टोपी घातलेला एक गृहस्थ बोट उंचावून इशारा देतो आहे, पण लक्ष कोणाचेच नाही. वर शब्द आहेत, ‘गेशेफ्ट उबर आलेस’. अर्थात ‘धंदा सर्वांहून श्रेष्ठ’.

एवढ्या वर्णनावरून पदकाची पहिली ओळख पटते. म्युनिक येथील पदककार कार्ल गोएट्झ यांनी १९१५ च्या ऑगस्टमध्ये केलेले हे ‘लुसिटेनिया’ पदक. ते जर्मन सरकारने काढलेले नव्हते. गोएट्झ यांनी ते स्वतःच्या खर्चाने, अगदी थोड्या संख्येने ओतले आणि म्युनिकमध्ये व काही नाणेविक्रेत्यांना विकले. त्या काळी जर्मनीत अशा खासगी पदकांची मोठी परंपरा होती. चालू घडामोडींवर व्यंगचित्रकार कागदावर जे करतो, ते हे कलावंत धातूवर करीत. अशा पदकाला फीत नसते, कडी नसते. ते छातीवर लावायचे नसतेच. टेबलावर ठेवायचे, हातात घेऊन न्याहाळायचे, मित्राला दाखवायचे. आमच्या चकतीलाही कडी नाही, आणि कडी तुटल्याची खूणही नाही. तेव्हा ती कोणाच्या छातीवर असणे शक्यच नव्हते.

इथे आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. शौर्याबद्दल राज्यकर्ता देतो ते पदक, शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलीला मिळते तेही पदक, आणि एखाद्या घटनेची आठवण म्हणून कलावंत घडवतो तेही पदकच. ‘बिल्ला’ म्हटले की तर छातीच डोळ्यांपुढे येते. वस्तूला ‘बिल्ला’ हे नाव पडले आणि त्या नावाने तिच्यासाठी एक छाती शोधली. छाती आली तसा तिच्या मागे जर्मन अधिकारी आला, आणि अधिकाऱ्यामागे खंदक. घरच्या कथा पुष्कळदा अशाच रचल्या जातात. त्यात कोणी खोटे बोलत नाही. एक शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो.

परंतु ‘गोएट्झ यांचे जर्मन पदक’ एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच वाचन. तारखेच्या ओळीकडे पुन्हा पाहिले पाहिजे. ‘लुसिटेनिया’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाली ती ७ मे १९१५ रोजी. पदकावर ५ तारीख आहे. वर्तमानपत्रातील एका चुकीच्या बातमीवरून आपण ही तारीख घेतली, असे गोएट्झ यांनी नंतर सांगितले आणि पुढे ७ तारखेची सुधारित आवृत्तीही काढली. पण दोन दिवस आधीची ती तारीख तोवर ब्रिटिशांच्या हाती पडली होती. १९१६ मध्ये पदकाची छायाचित्रे अमेरिकेतील वृत्तपत्रांत झळकली. जहाज बुडवण्याचे आधीच ठरले होते, पदकेसुद्धा आधीच तयार होती, असा प्रचार त्या तारखेच्या आधारे झाला. पाणबुडीवरील खलाशांना हे पदक सन्मान म्हणून वाटण्यात आले, अशीही एक धादांत खोटी कंडी पिकवण्यात आली. यानंतर ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील प्रचारकार्याचे प्रमुख लॉर्ड न्यूटन यांनी लंडनचे प्रसिद्ध दुकानदार गॉर्डन सेल्फ्रिज यांच्याकरवी या पदकाच्या प्रतिकृती तयार करवल्या. आकर्षक डबीत घालून, सोबत जर्मनांचा धिक्कार करणारे पत्रक जोडून, त्या एकेक शिलिंगाला विकल्या गेल्या. विक्री करणाऱ्या समितीच्या प्रमुखाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे अडीच लाख प्रती खपल्या. पैसा रेड क्रॉसला आणि युद्धात अंध झालेल्यांसाठी चालणाऱ्या सेंट डन्स्टन्स या संस्थेला गेला. मूळ जर्मन पदके काहीशे असतील. ब्रिटिश प्रतिकृती लाखांत आहेत.

मग आमच्या हातातली प्रत कोणती? इथे पाठचिकित्सेचे नियम जसेच्या तसे उपयोगी पडतात. मूळ पदक बहुधा वाळूच्या साच्यात ओतलेल्या काशाचे, तर ब्रिटिश प्रती लोखंडाच्या आणि कामाला ढोबळ. आमच्या चकतीला लोहचुंबक चटकन चिकटते. पण हा पुरावा निर्णायक नाही, कारण काही मूळ प्रतीही लोखंडात केलेल्या होत्या. मूळ प्रतींच्या कडेवर बहुधा गोएट्झ यांचे नाव ठोकलेले असते. आमच्या कडेवर काही नाही. हा पुरावा अधिक वजनाचा, तरी ‘नाही’वरून काढलेला निष्कर्ष नेहमी जपून घ्यावा. निर्णय लागतो तो एका अक्षरावर. जर्मन भाषेत ‘मे’ हा महिना एम-ए-आय असा लिहितात. इंग्रजीत एम-ए-वाय. मूळ पदकावर अर्थातच जर्मन लेखन आहे. ब्रिटिश प्रतीवर मात्र साऱ्या जर्मन मजकुराच्या शेवटी महिन्याचे नाव इंग्रजी झाले आहे. आमच्या चकतीवर शेवटचे अक्षर ‘वाय’ आहे, ठसठशीत, भिंगाचीही गरज नाही.

पोथ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. लेखनिक परक्या बोलीतली पोथी उतरवताना सावध असतो. कठीण शब्द तो अक्षर अक्षर पाहून काढतो. चूक होते ती सोप्या, रोजच्या शब्दाशी, कारण तिथे तो मुळाकडे न पाहता हाताच्या सवयीने लिहितो. नकलाकाराची मातृभाषा अशी नेमकी सोप्या जागी उघडी पडते. उलट ५ तारखेची चूक मुळातून नकलेत जशीच्या तशी उतरली आहे. दोन प्रतींत एकच चूक समान असेल तर त्यांचा वंश एक, हा पाठचिकित्सेतला मूलभूत नियम. समान चुकीवरून आमच्या चकतीचे कूळ कळते, ते गोएट्झ यांच्या पहिल्या आवृत्तीचे. आणि वेगळ्या अक्षरावरून तिचे जन्मस्थान कळते, ते ब्रिटन. भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांची कुळे लावताना जी शिस्त पाळली, तिचाच हा अगदी लहान प्रयोग आहे. आमच्या जिल्ह्याला तर या शिस्तीचे आणखी जवळचे नाते आहे. कोल्हारावरून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते, जिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध केला. ग्रंथावर परम श्रद्धा असलेल्या माणसाने ग्रंथाच्या प्रती तपासल्या, आणि त्यामुळे त्याची श्रद्धा कमी झाली असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता घरच्या कथेकडे वळू. वस्तूची तारीख नक्की झाली की कथेच्या तारखांना उत्तर द्यावे लागते. १९१४ च्या हिवाळ्यात ‘लुसिटेनिया’ अजून समुद्रावर फेऱ्या मारीत होती. तिच्या बुडण्याचे पदक तेव्हा जगात कोणाकडेही असू शकत नाही. फ्रान्समधील हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस तिथून हलवण्यात आले. ब्रिटिश प्रतिकृती त्यानंतरच्या आहेत. शिवाय बहुतेक मराठा पलटणी लढल्या त्या मेसोपोटेमियात, तुर्कांशी. एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे शरण जावे लागलेल्या सैन्यात मराठा पलटणी होत्या. तेव्हा जर्मन अधिकारी, त्याची छाती आणि खंदक यांपैकी काहीही उरत नाही.

आमच्या जिल्ह्यात मात्र दुसरी एक शक्यता कोणीही सहज पुढे करील, आणि ती विचारात घेतलीच पाहिजे. पहिल्या महायुद्धात अहमदनगर येथे जर्मनांसाठी मोठी छावणी होती. हिंदुस्थानात अडकलेले व्यापारी, मिशनरी, पूर्व आफ्रिकेत पकडलेले लोक अशा अनेकांना तिथे स्थानबद्ध करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीही हाच प्रकार झाला. पुढे तिबेटमधील वास्तव्यामुळे प्रसिद्ध झालेले गिर्यारोहक हाइनरिश हारर १९३९ मध्ये प्रथम नगरला आणि मग देवळालीला ठेवले गेले होते. नगरचा किल्ला म्हटला की आपल्याला १९४२ मध्ये तिथे आणलेले काँग्रेसचे नेते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आठवते. त्याआधीचे जर्मन आपण विसरलो आहोत. मग एखाद्या जर्मन कैद्याने हे पदक विकले किंवा कोणाला दिले, असे का नसेल? कल्पना आकर्षक आहे. पण तेच एक अक्षर तिच्याही आड येते. आपल्याच देशाच्या निंदेसाठी शत्रूने विकलेली नक्कल एखाद्या जर्मन कैद्याने जवळ बाळगावी, हे मानायला कारण हवे. तसे ते दिसत नाही. वस्तू जर्मन आहे असे आधी गृहीत धरले, तरच छावणीची वाट मोकळी होते. वस्तू ब्रिटिश ठरली की सर्वांत साधी वाट उरते ती अशी: साम्राज्याच्या फौजेत किंवा तिच्या आसपास वावरणाऱ्या कोणीतरी ती डबीसकट घेतली किंवा त्याला कोणी दिली.

आणि डबीचाच मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या डबीच्या झाकणावर स्पष्ट छापलेले असे की, जर्मनीत तयार झालेल्या पदकाची ही हुबेहूब प्रतिकृती आहे. म्हणजे वस्तू स्वतःविषयी खोटे बोलत नव्हती. आपण नक्कल आहोत हे ती सांगत होती. खोटेपणा होता तो पत्रकातील मजकुरात. डबी हरवली, पत्रक हरवले, तशी वस्तूची कबुली हरवली, पण पत्रकाने पसरवलेली भावना मात्र शिल्लक राहिली. ग्रंथाची शेवटची पाने गळून पडावीत, लेखनिकाचे नाव, शक, स्थळ सगळे जावे आणि मग ती प्रत मूळ म्हणून पुजली जावी, त्यातलाच हा प्रकार. आमच्या घरात शंभर वर्षे दसऱ्याला पूजा झाली ती पराक्रमाच्या खुणेची नव्हे, तर साम्राज्याच्या प्रचारसाहित्याची, हे वाचताना वाईट वाटेल, मलाही वाटले. परंतु साम्राज्याने आपल्या माणसांना बंदुकीबरोबर कथाही पुरवल्या होत्या, आणि त्या कथा बंदुकीपेक्षा जास्त काळ घरात टिकल्या, हे समजून घेण्यासाठी याहून चांगला पुरावा मला दुसरा माहीत नाही.

गोएट्झ यांच्या मूळ पदकाचेही असेच झाले. तो उपरोध होता. युद्धक्षेत्रातून जाताना उतारूंना ढाल म्हणून वापरणाऱ्या आणि तिकिटांचा धंदा चालू ठेवणाऱ्या कंपनीवर त्यांचा रोख होता. ‘धंदा सर्वांहून श्रेष्ठ’ हे शब्द जर्मन देशगीताच्या प्रसिद्ध ओळीचे विडंबन आहेत. ते ज्याला ओळखू येतील त्यालाच टोमणा कळणार. जहाजावर युद्धसाहित्य नव्हते हा दावाही पुरता खरा नव्हता. सुमारे ४२ लाख काडतुसे मालात होती. पण त्याच जहाजावर जवळजवळ बाराशे माणसे मेली, त्यांत बायका होत्या, तान्ही मुले होती. त्या मृत्यूंवर बोट ठेवून केलेला टोमणा मृतांच्या देशात पोचला तेव्हा तो टोमणा राहिला नाही. ती बढाई झाली. धातूवरील रेषा त्याच होत्या. वाचक बदलला, आणि अर्थ उलटला. १९१७ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने पदकच जप्त करण्याचा आदेश काढला, आणि आपल्या कृतीने जर्मनांविषयीचा द्वेष वाढला याचा गोएट्झ यांना युद्धानंतर खेद झाला. उपरोध आणि विडंबन हे प्रकार मुळाच्या आठवणीवर जगतात. ‘झेंडूची फुले’ १९२५ साली ज्यांनी वाचली त्यांना ज्या कवितांची थट्टा होती त्या पाठ होत्या. आजच्या वर्गात त्या मूळ कविता आधी शिकवल्याशिवाय अत्र्यांची थट्टा नुसती मजेदार कविता म्हणून वाचली जाते. मूळ विसरले की विडंबन सरळ अर्थाने वाचले जाण्याचा धोका कायम असतो.

वरील उदाहरणावरून कोणी असा निष्कर्ष काढील की अर्थ वाचकाच्या हाती असतो, तेव्हा गोएट्झ यांचा टोमणा, ब्रिटिशांची बढाई आणि कोल्हारचा पराक्रम ही तीन वाचने सारख्याच मोलाची आहेत. गेली काही दशके आपल्या वर्गांमधून आणि परिसंवादांमधून हे मत अनेक भारदस्त नावांच्या आधारे मांडले जाते. त्यात तथ्यांश आहे, तो मी नाकारत नाही. पहिली दोन वाचने ही खरोखर वाचने आहेत: दोन्हींना पदकावरचा मजकूर दिसला होता, त्यांनी त्याचा रोख वेगवेगळा घेतला. तिसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे मजकूर वाचलाच गेला नाही. जहाज, सांगाडा, तारीख, महिन्याचे अक्षर यांपैकी कशाचीही त्या कथेला गरज नव्हती. चकतीच्या जागी दुसरी कोणतीही परकी चकती असती तरी कथा तीच राहिली असती. मजकूर बदलूनही जे बदलत नाही, त्याला त्या मजकुराचे वाचन म्हणता येत नाही. कवितेच्या तासाला ‘मला असे वाटले’ म्हणून सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आपण ‘कोणत्या ओळीवरून?’ असे विचारतो, ते याचसाठी. त्याचे वाटणे आपण खोडून काढत नसतो. ते कवितेशी बांधायला सांगत असतो.

घरात यावर बोलणे झाले तेव्हा थोरल्या चुलत्यांनी, नानांनी, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अरे, तू म्हणतोस ते खरं असेल. पण मग आमच्या आजोबांचं घरात राहिलं काय?” या प्रश्नाला पाठचिकित्सेत उत्तर नाही, आणि हा प्रश्न टाळून केलेली चिकित्सा उद्धट ठरते. मी एवढेच विचारले, “नाना, त्यांना सरकारनं दिलेलं चांदीचं पदकही होतं ना?” होते. ते १९७२ च्या दुष्काळात सराफाकडे मोडीत गेले. त्या वर्षी आमच्या भागात विहिरींनी तळ गाठला होता, जनावरे चाऱ्यासाठी बाहेर काढली होती, आणि घरात जी काही चांदी होती ती धान्यासाठी गेली. लोखंडी चकतीला सराफाने हात लावला नाही, म्हणून ती उरली.

नगर, सातारा, रत्नागिरी अशा ज्या ज्या जिल्ह्यांतून माणसे त्या युद्धाला गेली, तिथल्या घरांमध्ये हे पुन्हा पुन्हा घडले असणार. ब्रिटिश सरकारने युद्धानंतर सैनिकांना जे चांदीचे युद्धपदक दिले, त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे. पदकाच्या दर्शनी बाजूला राजाचा मुखवटा; आपल्या माणसाचे नाव कडेवर, बोट फिरवून वाचावे लागेल असे. पण होते. बसरा येथील स्मारकाच्या भिंतींवर मूळ योजनेत हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली. साधे शिपाई मात्र पलटणीखाली नुसत्या संख्येने मोजले गेले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या विषमतेची कबुली दिली आहे. जिथे मृतांना नाव मिळाले नाही, तिथे जिवंत परतलेल्या शिपायाचे नाव धातूवर ठोकले गेले ती जागा म्हणजे या पदकाची कड. ती चांदीची होती म्हणूनच ती दुष्काळात गेली. किमतीचे होते ते दस्तऐवज होते, आणि किमतीचे होते म्हणूनच ते राहिले नाही. जे राहिले त्यावर कोणाचेच नाव नाही, आणि त्या रिकाम्या जागेत घराने शंभर वर्षे आपल्या माणसाचे नाव घातले.

म्हणून ‘बिल्ला खोटा निघाला, टाकून द्या’ हे मत मला मान्य नाही, आणि ‘घरची गोष्ट आहे, कशाला उकरता’ हेही मान्य नाही. पहिले मत वस्तूकडे बाजाराच्या नजरेने पाहते. मूळ नाही म्हणजे मोल नाही. दुसरे मत वरकरणी पणजोबांचा मान राखते, पण प्रत्यक्षात त्यांना पुसून टाकते. कारण जोवर ते फ्रान्सच्या खंदकात जर्मन अधिकाऱ्याला लोळवत आहेत, तोवर ते खरोखर कुठे होते, कोणत्या पलटणीत होते, तिथे त्यांनी काय सोसले, हा प्रश्न कोणाला पडणारच नाही. तयार कथा हाताशी असली की शोध थांबतो. पंजाबातील सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या. २०२१ पासून त्या लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या आणि अनेक कुटुंबांना आपले पूर्वज सापडले. महाराष्ट्रातील घरांनाही असा शोध सुरू करता येईल: पेन्शनचे कागद, जमिनीच्या सनदा, गावोगावी लावलेल्या त्या संगमरवरी पाट्या, ज्यांवर या गावातून किती माणसे महायुद्धास गेली आणि त्यांतली किती परत आली नाहीत एवढेच लिहिलेले असते. माणसांचा आकडा दगडावर आहे. नावे घरांत आहेत, आणि ती सांगणारी शेवटची पिढी आता थकली आहे.

साहित्याच्या शिक्षकांना माझे सुचवणे साधे आहे. पाठचिकित्सेचा तास पोथीपासून सुरू न करता घरातल्या एका वस्तूपासून सुरू करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने मजकूर कोरलेली किंवा छापलेली एक वस्तू आणावी: लग्नातले नाव घातलेले भांडे, गिरणीचा पितळी बिल्ला, शाळेचे पदक, जुनी सनद. आधी घरची गोष्ट लिहून काढावी, सांगणाऱ्याच्या शब्दांत, एकही शब्द न बदलता. मग वस्तूवरचा मजकूर उतरवावा, चुकांसह. आणि मग दोहोंमध्ये जिथे अंतर आहे तिथे थांबून विचार करावा की हे अंतर का पडले असेल. दोन्ही पाठ जपायचे, पण एकमेकांत मिसळायचे नाहीत, ही शिस्त यातून जशी अंगी बाणेल तशी नुसत्या व्याख्येवरून बाणणार नाही.

प्रदर्शनातील चिठ्ठीचे काय, तर मी लिहून दिलेला मजकूर नानांनी वाचला, त्यात शेवटचे वाक्य स्वतःच्या हाताने घातले, आणि तो तसाच लागला. “जर्मन कलावंत कार्ल गोएट्झ यांच्या उपरोधिक पदकाची ब्रिटनमध्ये प्रचारासाठी केलेली लोखंडी प्रतिकृती. तारखेतील महिन्याचे इंग्रजी लेखन पाहावे. कोल्हार येथील एका सैनिकाच्या घरी ‘जर्मन बिल्ला’ या नावाने जपलेली. सैनिकाचे नाव कोरलेले चांदीचे पदक १९७२ च्या दुष्काळात मोडले. त्यावर घरातील सात माणसे दोन महिने जेवली.”